बारला लागला

चाचांना आम्ही दोनदा काढलं. दोन्ही वेळा शाल दिली, श्रीफळ दिलं, हार घातला, फोटो काढला. आणि दोन्ही वेळा सोमवारी सकाळी सहा वाजता ते किल्ल्यांचा जुडगा गळ्यात अडकवून फाटकाशी उभे होते. ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितली आहे, की आता मी 'चाचा' म्हटलं की मुलगी चहा ठेवायला उठते. बायको मात्र बसून राहते. मी कुठे खोटं बोलतो ते तिला पकडायचं असतं. या बाबतीत माझा लौकिक आहे, आणि तो उगाच झालेला नाही.

मळवली स्टेशनाजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. आमच्या फुटबॉल संघाचा मी सेक्रेटरी. दुकानात प्रिंटर आहे, हीच माझी पात्रता. चाचा संघाचे कोच, पण ते सकाळचं काम. दिवसभराचं काम म्हणजे बंगल्यांची राखण. मुंबई-पुण्याच्या मालकांचे नऊ बंगले त्यांच्याकडे होते. मालक शनिवारी यायचे, रविवारी अंधार पडता पडता परत जायचे. मधले पाच दिवस ती मऊ, कापलेली, रोज पाणी प्यायलेली हिरवळ नुसती पडून असायची. आमच्याकडे सपाट म्हणावी अशी जागा दोनच ठिकाणी, भाताच्या खाचरात नाहीतर बंगल्यात. खाचरात चेंडू रुततो. म्हणून आमचा संघ बंगल्यात वाढला.

"शनवार-रैवार त्यांचा," चाचा म्हणायचे, "सोमवारपास्नं आपन."

मालकांना हे माहीत होतं का, ते मी कधी विचारलं नाही. सराव ज्यांच्या हिरवळीवर व्हायचा त्या, सगळ्यात मोठ्या बंगल्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना असावं. एकदा ते अचानक बुधवारी आले होते तेव्हा व्हरांड्यात बसून त्यांनी सगळा सराव पाहिला आणि जाताना चाचांना एवढंच म्हणाले, "गुलाब सांभाळा."

चाचांनी गुलाब सांभाळले. नुसते गुलाबच नाही. डाव्या हाताला पोहण्याचा तलाव, उजव्या हाताला कुंड्यांची रांग, आणि मागच्या बाजूला दिवाणखान्याची जमिनीपासून छतापर्यंत काच. त्या काचेसमोर आमचा गोल. गोलकीपरला चाचा "काच सांभाळ" असं सांगायचे, आणि ते अगदी शब्दशः असायचं. परिणामी आमच्या गोलकीपरसारखा गोलकीपर तालुक्यात नव्हता. बाकीच्यांचे गोलकीपर संघासाठी उड्या मारायचे. आमचा, फुटलेल्या काचेचं डॉक्टरांना काय सांगायचं या धास्तीनं मारायचा.

चेंडू गुडघ्याच्या वर गेला की गुन्हा. "भुईवर ठिवा रं. भुई काय फुटत न्हाई." ज्याचा चेंडू वर जाईल त्यानं सराव संपल्यावर सगळ्या कुंड्यांना पाणी घालायचं. चाचांकडे शिट्टी नव्हती. शेजारच्या बंगल्यात कुणी असलं तर झोपमोड होईल म्हणून ते किल्ल्या वाजवायचे. एकदा खुळखुळ म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे बाजू बदला. अशा शिस्तीत आमची पोरं इतकं नाजूक खेळायला शिकली, की बघणाऱ्याला वाटावं चेंडू झोपलेला आहे आणि कुणालाच त्याला उठवायचं नाही. चार पावलांचा पास, तीन पावलांचा पास, कुंडीला वळसा, पुन्हा पास. पूर्वी सामने शाळेमागच्या छोट्या मैदानावर व्हायचे. तिथे या खेळानं आम्ही भल्याभल्यांना भोवंडून टाकलं होतं.

चाचांची आणखी एक रीत होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. खेळाडू बदलायचा असला की ते बाहेरून हात हलवत नसत. कडेला जाऊन पूर्ण नावानं हाक मारायचे. ज्याला हाक आली त्यानं पाय ओढत यायचं नाही, पळत यायचं. मग त्याला उजव्या हाताला बसवायचे, आपल्या हातानं पाण्याची बाटली द्यायचे आणि पाणी पिऊन झालं की का काढलं ते सांगायचे. एकच कारण.

"दोन सांगितली की मानूस भांडतो," ते म्हणायचे. "तीन सांगितली की रडतो. एक सांगितलं की इचार करतो."

मी स्वतः त्यांच्या हाताखाली दोन वर्षं डावा बचाव सांभाळला आहे. सांभाळला हा शब्द माझा. एका गुरुवारी माझ्या नावाची हाक आली. मी पळत गेलो, बसलो, पाणी प्यायलो. चाचा म्हणाले, "तू बॉलला भितोस." मी विचार केला. खरंच भीत होतो. जन्मात कुणी माझ्याशी इतकं खरं आणि इतक्या मायेनं बोललं नाही. नंतर मला सेक्रेटरी केलं. कागदाला मी भीत नाही, हे त्यांनी हेरलं असावं.

चार वर्षांपूर्वी स्पर्धा वाढली, गावं वाढली, आणि सामने गुरुवारचे रविवारी गेले. सुदुंबऱ्याच्या बाजूला एका गावानं मोठं मैदान दिलं होतं, तिथे. पोरांना कारखान्यातून रविवारी सुट्टी, त्यामुळे सगळ्यांना ते सोयीचं. एका माणसाला सोडून. रविवारी चाचांचे नऊच्या नऊ बंगले भरलेले असायचे. कुणाला कोळसा हवा, कुणाची मोटर चालत नाही, कुणाचा कुत्रा तलावात पडलेला. कोचला सामन्याला येता येईना.

मग त्यांनी फोनवरून कोचिंग सुरू केलं. सामना चालू झाला की माझा फोन वाजायचा. पलीकडे पाहुण्यांची गाणी दणदणत असायची आणि चाचा बहुतेक स्वयंपाकघरामागे उभे राहून कुजबुजत असायचे.

"सेक्रेटरी, काय चाललंय?"

पहिल्या रविवारी काय चाललं होतं, तर काही नाही. आमची पोरं त्या अफाट मैदानावर एकमेकांना तीन-तीन पावलांचे पास देत होती आणि समोरच्या गोलजवळ गेली की कुणी पायच उचलत नव्हतं. वर्षानुवर्षं काच सांभाळलेली पोरं. जोरात मारायचं म्हटलं की त्यांचा पायच आखडायचा. शेवटी समोरच्यांनी लांबून एक मारला आणि आम्ही एक-शून्यनं हरलो.

हे मी फोनवर कसं सांगणार? तो माणूस कुणाच्या तरी कबाबाला वारा घालत उभा होता.

"चाचा, थोडक्यात हुकलं," मी म्हणालो. "आपला शॉट बारला लागला."

"बारला?" गोलावरच्या आडव्या दांडीचं नाव ऐकून त्यांचा आवाज उजळला. "म्हंजी मारला तर."

"मारला तर. असा सणसणीत."

"मंग झालं. नशीब हाय. पुडच्या बारीला जाईल आत."

मला फार बरं वाटलं. एवढ्याशा वाक्यानं एका माणसाचा रविवार गोड होतो, तर ते का वाचवून ठेवायचं? पुढच्या रविवारी पुन्हा बारला लागला. त्याच्या पुढच्या रविवारी दोनदा लागला. घरी बायको म्हणायची, "अहो, तुमचा तो बार आहे की देवळातली घंटा?"

मला कळलं नाही ते असं, की चाचा माझ्या बातमीवर काम करत होते. बारला लागतोय म्हणजे चेंडू वर जातोय, असा त्यांनी सरळ हिशेब केला. सोमवारी सकाळी ते पोरांना रांगेत उभं करून सांगायचे, "लय उचलताय तुमी. खाली ठिवा. आजून खाली." पोरं बिचारी एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. आधी चेंडू गुडघ्याखाली असायचा, दोन वर्षांत तो घोट्याखाली आला.

चौथ्या वर्षी मोसमाच्या मध्यावर आम्ही पुन्हा सगळ्यात तळाला होतो. यंदाही तेच झालं तर पुढच्या स्पर्धेत नाव घेणार नाही, असं आयोजकांनी कळवलं. कमिटीची बैठक माझ्या दुकानात झाली. शटर अर्धं खाली घेतलं होतं, जणू आम्ही काही चोरीच करणार होतो. आमचे अध्यक्ष आंदर मावळातले, भातशेतीवाले, मनानं मऊ.

"कोच बदलाया पायजे," ते म्हणाले, आणि आपण हे बोललो याचंच त्यांना वाईट वाटलं. "पन त्यांना सांगनार कोन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झेरॉक्सच्या मशीनकडे पाहिलं.

"सांगायचं कशाला?" मी म्हणालो. "सत्कार करू."

ही आमच्याकडची जुनी सोय आहे. सोसायटीचा चेअरमन असो, भजनी मंडळाचा पेटीवाला असो, त्याला घरी बसवायचं असलं की कुणी तोंडानं बोलत नाही. शाल-श्रीफळ देतात, 'प्रदीर्घ सेवा' असा शब्द वापरतात, आणि माणूस समजून घेतो. मानपत्र मी लिहिलं. त्यात 'कृतज्ञता' तीनदा आणि 'विश्रांती' दोनदा घातलं. चाचांनी शाल घेतली, श्रीफळ घेतलं, हात जोडले आणि घरी गेले.

सोमवारी सहा वाजता ते फाटकाशी होते. शाल डॉक्टरांच्या गुलाबांवर पसरलेली.

"लय ऊबदार हाय," ते मला म्हणाले. "धुकं पडतंय ना. कळ्या जळत्यात."

दुसऱ्या वेळी आम्ही अधिक स्पष्ट व्हायचं ठरवलं. लोणावळ्याच्या एका शाळेत पीटीच्या बाई होत्या, विद्यापीठाकडून खेळलेल्या. त्यांनी संघ घ्यायचं कबूल केलं होतं. त्यांनाच प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. मानपत्राच्या डोक्यावर मी मोठ्या टायपात 'सेवापूर्ती सोहळा' छापलं. आता यात न कळण्यासारखं काय आहे? चाचांनी दुसरी शाल घेतली आणि बाईंना म्हणाले, "बाई, सोमवारी या की. पोरं दावतो तुमाला."

बाई आल्या. तासभर व्हरांड्यात बसून त्यांनी चाचांच्या किल्ल्या वाजताना पाहिल्या. तिथून सरळ माझ्या दुकानात.

"तुम्ही त्यांना सांगितलंय ना?"

"दोन सत्कार झाले, बाई."

"ते दिसलं मला. सांगितलंय का?"

मी त्यांना चहा विचारला. त्या नको म्हणून निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "तो माणूस खुर्चीत असताना मी तिच्यावर बसणार नाही. माझ्याच्यानं ते होणार नाही."

मोसमाचा शेवटून दुसरा सामना. त्या शनिवारी पहाटेच घाटात एक कंटेनर आडवा झाला होता आणि रविवारी सकाळपर्यंत वाहतूक हलली नव्हती. मुंबईचे मालक अर्ध्या वाटेतून परतले. पुण्याच्यांनी बातमी बघून बेतच सोडला. नऊ बंगले रिकामे. आमचा टेम्पो स्टेशनासमोरून निघाला तेव्हा चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, किल्ल्या गळ्यात अडकवून ड्रायव्हरशेजारी बसलेले होते. त्यांच्या मांडीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी होती. चार वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या संघाचा सामना बघणार होते. सगळी वाट ते पोरांशी बोलत होते. मी मागे टायरवर बसून येत होतो.

मैदानाच्या कडेला त्यांनी मला शेजारी बसवलं. डाव्या हाताला. पोरांचा घोटाळा होऊ नये म्हणून किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मुठीत गच्च आवळून धरला होता, अगदी शेवटपर्यंत. खेळ सुरू झाला. तेच. तीन पावलांचा पास, चार पावलांचा पास, नसलेल्या कुंड्यांना वळसे. आमचा फॉरवर्ड गोलपाशी एकटाच पोचला, समोर गोलकीपर पडलेला, आणि या पठ्ठ्यानं चेंडू हळूच मागे दिला.

आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "थोडक्यात हुकलं, चाचा."

चाचा मैदानाच्या त्या टोकाकडे एकटक बघत होते. मग त्यांनी विचारलं, "सेक्रेटरी, बार कुटं हाय?"

मी बघितलं. त्या मैदानावर गोल म्हणजे जमिनीत रोवलेले दोन बांबू होते. वर आडवं काही नव्हतं. इकडेही नाही, तिकडेही नाही. चार वर्षं मी दर रविवारी तिथे जात होतो. चेंडू वरून गेला की आतून, ते पंच डोळ्यांनी ठरवायचे. चार वर्षं आमचे शॉट आकाशाला लागत होते.

मी मान खाली घातली. आम्ही एक-शून्यनं हरलो.

सामना संपला तरी चाचा उठले नाहीत. पोरं बूट काढत बसली. बाईही आल्या होत्या, त्या थोड्या लांब उभ्या.

"चार वर्सं," चाचा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "मी त्यांना सांगतोय खाली मारा, खाली मारा."

"चाचा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"शाली बी त्याच्यासाटीच व्हत्या न्हवं? मला काय कळत न्हाई व्हय? शाल कशाची आस्ती त्ये. पन मला वाटलं, पोरं मारत्यात, बारला लागतंय, म्हंजी शिकवलेलं बराबर हाय. नुस्तं नशीब वाईट. मंग मी का म्हनून जाऊ? कारन तर कुनी सांगितलंच न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कारन न्हाई सांगितलं तर मानूस भाईर येनार कसा?"

मग ते उठले, कपडे झटकले आणि चालत मैदानात गेले. थेट त्या दोन बांबूंपाशी जाऊन, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. पोरांना काही कळेना. मला कळलं. डाव्या बचावात चेंडू अंगावर यायचा तेव्हासारखंच पळून जावंसं वाटलं.

मी कडेला गेलो आणि त्यांना पूर्ण नावानं हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या वडिलांच्या नावासकट.

चाचा पळत आले. पासष्टीचा माणूस, गुडघे दुखणारा, पांढरा शर्ट, गळ्यात किल्ल्या वाजतायत, आणि त्या आवाजाला आमची बूट काढलेली सगळी पोरं जिथल्या तिथे थांबलेली. आले आणि माझ्या उजव्या हाताला बसले. मी पिशवीतून बाटली काढून दिली. ते पाणी प्यायले, सावकाश, सगळं. मग वाट बघत बसले.

"चाचा," मी म्हणालो, "तुम्ही काच सांभाळायला शिकवलं. गोल करायला नाही शिकवलं."

त्यांनी विचार केला. खरंच केला, मी बघत होतो.

"आणि दुसरं म्हणजे, मी..."

"एकच," त्यांनी बोट वर केलं. "दुसरं तुजं कारन हाय. तुजी बदली कवा करायची, त्ये नंतर बगू."

मग त्यांनी बाईंना हाक मारली आणि डाव्या हाताची जागा दाखवली. तिथे मी बसलेलो होतो, म्हणून मी उठलो. पुढचा अर्धा तास ते बाईंना एकेका पोराबद्दल सांगत होते. कुणाचा डावा पाय चांगला, कुणाला रागावलेलं चालत नाही, कुणाला घरी जाऊन उठवावं लागतं. बाई वहीत लिहून घेत होत्या. मी टेम्पोत जाऊन टायरवर बसलो. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "लागला का बारला?" मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. जेवताना मात्र ताटात एक पापड जास्तीचा होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी शटर वर करत होतो आणि फोन वाजला.

"सेक्रेटरी," कुजबुज आली.

"चाचा? तुम्ही तिकडे?"

"मंग फाटक कोन उगडनार? बसलोय कोपऱ्यात. किल्ल्या रुमालात बांदून ठिवल्यात, वाजाय नको."

"काय चाललंय?"

"बाई शिकवत्यात. लांबून माराय लावलंय. आपला फॉरवर्ड भितोय, पाय उचलना. बाई म्हनत्यात, मार. मी लांबूनच मान हलवली, मार म्हनून. आता मागं गेलाय. पळत आला..."

फोनमध्ये एक दणका ऐकू आला. असा दणका मी आमच्या संघाकडून आयुष्यात कधी ऐकला नव्हता. आणि त्याच्या मागोमाग एक लांबलचक, थांबून थांबून कोसळणारा, जमिनीपासून छतापर्यंतचा आवाज.

मग शांतता. पोरांचाही आवाज नाही.

"चाचा, काय झालं?"



"कायी न्हाई, सेक्रेटरी," चाचा म्हणाले. "बारला लागला."